वॉर्डातले ७१ फॉर्म एकच उत्तर देतायत: ‘३० मिनिटे’. माझं कुठे चुकलं?

प्रश्न: पीएचडीवाली_दादर

नमस्कार. मुंबईत सार्वजनिक आरोग्य विषयात पीएचडी करते आहे, हे तिसरं वर्ष. अभ्यास असा आहे: सिझेरियन झालेल्या आईच्या बाळाला पहिलं दूध किती वेळाने मिळतं, आणि उशीर झाला तर कशामुळे. जागा एका महापालिका रुग्णालयाचा पीएनसी वॉर्ड, म्हणजे बाळंतपणानंतर आई-बाळाला ठेवतात तो. नाव देत नाही, कारण तिथल्या कुणाचीही मला तक्रार करायची नाही.

विषय का घेतला ते आधी सांगते. माझ्या वहिनीचं सिझर झालं तेव्हा मी ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, बाहेरच्या बाकावर बसले होते. भाच्याला दुपट्यात गुंडाळून बाहेर आणून दिलं आणि वहिनी आतच राहिली. त्याला पहिलं दूध मिळालं पाचव्या तासाला. मधल्या वेळात एका नातेवाईक बाईंनी बोटाने मध चाटवला, आणि मी हे सगळं शिकलेली मुलगी असून गप्प बसले. पुढे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१चे आकडे वाचनात आले. देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, तरी जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं ४१.८ टक्केच. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत पोचते, बाळ सुखरूप जन्मतं, आणि मग त्या एका तासात काहीतरी निसटतं. ते काय, हे मला शोधायचं आहे.

एथिक्स कमिटीची मंजुरी यायला पाच महिने गेले. मग अधीक्षकांचं पत्र, मग विभागप्रमुखांची सही, मग मेट्रन मॅडमना भेटले. सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं. फॉर्म दोन पानी, ३४ प्रश्न. गठ्ठा वॉर्डात नेऊन दिला. इनचार्ज सिस्टरनी मान वर न करता ‘ठेवा तिथे’ म्हटलं. दर शुक्रवारी जाऊन भरलेले फॉर्म घेऊन येते.

सहा आठवड्यांत ११२ फॉर्म आले. त्यातल्या ७१ मध्ये पहिल्या स्तनपानाची वेळ ‘३० मिनिटे’. अकरा कोरे. उशिराचं कारण या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘लागू नाही’. स्पायनल (पाठीतलं भुलीचं इंजेक्शन) दिलेली आई अर्ध्या तासात ओटीतून वॉर्डात येऊन बाळाला पाजते, असं ७१ वेळा घडलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही. गाइड म्हणतात, दुसरं रुग्णालय बघ, नाहीतर पगारी मुलगी नेमून तिच्याकडून माहिती गोळा कर.

मला जागा सोडायची नाही. पण सिस्टर माझ्याशी बोलतच नाहीत. त्यांना फॉर्ममागे काही मानधन दिलं तर चालतं का? फॉर्म मध्येच बदलता येतो का? आणि त्यांच्याशी बोलायला सुरुवात तरी कशी करू?

उत्तर: साइट_को-ऑर्डिनेटर

नऊ वर्षं अभ्यासांच्या साइटवर को-ऑर्डिनेटर म्हणून काम करतोय, त्यामुळे कागदांपुरतं मी सांगतो. बाकीचं वॉर्डातली माणसं सांगतील.

मानधन हातात देऊ नका, अगदी चहापाण्याच्या नावानेही. द्यायचंच असेल तर ते बजेटमध्ये दाखवावं लागतं, एथिक्स कमिटीला कळवावं लागतं आणि रुग्णालय प्रशासनाची परवानगी लागते, कारण ती सरकारी ड्यूटीवरची माणसं आहेत. शिवाय फॉर्ममागे पैसे ठेवले की फॉर्म वाढतात. माहिती खरी होईलच असं नाही.

फॉर्म बदलता येतो. त्याला अमेंडमेंट म्हणतात. काय बदललं, का बदललं आणि जुन्या ११२ फॉर्मचं काय करणार, हे लिहून कमिटीला द्या. मंजुरी येईपर्यंत नवीन फॉर्म वापरू नका. लोक इथेच घाई करतात आणि पुढे प्रबंधाच्या वेळी अडकतात.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. आईची संमती कोण घेतं? वॉर्डातली सिस्टरच घेत असेल तर ते तातडीने थांबवा. जी बाई आपल्याला इंजेक्शन देणार, आपलं बाळ बघणार, तिने सही मागितली तर कुठली बाळंतीण ‘नाही’ म्हणेल? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत संमती स्वेच्छेने आणि दबावाशिवाय असावी हा मुद्दा ठळक आहे. ज्यांचं सिझर ठरवून होणार आहे त्यांना एएनसी ओपीडीत, म्हणजे गरोदरपणाच्या तपासणीला येतात तेव्हाच, शांतपणे समजावून सांगा आणि घरी जाऊन विचार करायला वेळ द्या. तातडीच्या सिझरच्या बाबतीत काय करायचं ते कमिटीलाच लेखी विचारा. कळा देणाऱ्या बाईपुढे संमतीपत्र धरू नका.

उत्तर: निवृत्त_इनचार्ज

बाळ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. माझी ३३ वर्षं नोकरी झाली, त्यातली शेवटची १४ बाळंतिणींच्या वॉर्डात. लांब लिहिणार आहे, वेळ काढून वाच.

आधी एक सांग. तुझ्या फॉर्मच्या तळाशी ‘भरणाऱ्याचे नाव व सही’ अशी ओळ आहे का? असणारच. सगळ्यांच्या फॉर्मवर असते.

आता रात्रीचा वॉर्ड डोळ्यांसमोर आण. कागदावर ४० खाटा. जमिनीवर गाद्या टाकून आणखी आठ. नाइटला दोन सिस्टर आणि एक मावशी. म्हणायला पेशंट ४८, पण प्रत्येकीच्या कुशीत एक बाळ आहे आणि ते खाटांच्या हिशेबात कुणी धरत नाही. दोघींच्या अंगावर नव्वदच्या वर जीव. त्यात पाच-सहा ताजी सिझर. कुणाचं सलाइन संपत आलंय, कुणाची लघवीची पिशवी भरलीय, कुणाचं पॅड बघायचंय, बीपी पुन्हा पुन्हा घ्यायचंय. एक बाळ पिवळं वाटतंय म्हणून डॉक्टरांना फोन करायचाय. एक आजी कोपऱ्यात रडवेली उभी, कारण नातू तोंडच लावत नाही.

यात तुझा ३४ प्रश्नांचा फॉर्म भरला जातो कधी? सकाळी ओव्हर (पुढच्या पाळीला ताबा) द्यायच्या आधी, टेबलाच्या कडेला, पायांत गोळे आलेले असताना. एका बैठकीत सहा फॉर्म. ‘पहिले स्तनपान किती मिनिटांनी’ या रकान्याशी पेन थांबतं. समोरच्या भिंतीवर पोस्टर आहे: जन्मानंतर एका तासाच्या आत स्तनपान. खाली स्वतःची सही करायची आहे. खरी १८० मिनिटं लिहिली आणि उद्या कुणी विचारलं, त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं, तर मेमो येणार तो त्या सिस्टरला. तू तर शुक्रवारी फॉर्म घेऊन जाणार. म्हणून ती ३० लिहिते. तासाच्या आतलं आणि कुणाला टोचणार नाही असं. तुझे ७१ फॉर्म मेमोच्या भीतीने भरलेले आहेत गं. त्यांना खोटारड्या समजू नकोस.

आम्ही गप्प का बसतो तेही सांगते. एका रुग्णालयात असताना आमच्या वॉर्डात दोन वर्षं एक अभ्यास चालला. आम्ही तापमानाचे तक्ते भरले, वजनं घेतली, रात्री दोन वाजता उठून बाळांचे पाय तपासले. अभ्यास संपला, ती मंडळी गेली. पुन्हा कुणी तोंड दाखवलं नाही. काही काळाने एका हाऊसमनने (शिकाऊ डॉक्टरने) छापील लेख आणून दाखवला. त्यात आमच्या वॉर्डाबद्दल एक वाक्य होतं, की परिचारिकांकडून सूचनांचं पालन कमी प्रमाणात झालं. आमच्या कामाबद्दल तेवढंच. खाटा किती, बाया किती, आम्ही किती, यातलं काहीच नाही. माझ्याबरोबरची सिस्टर तो कागद हातात धरून बराच वेळ उभी होती. त्या दोन वर्षांत तिने एकही रजा वाढवून घेतली नव्हती. त्यानंतर आमच्याकडे जो कुणी गठ्ठा घेऊन आला त्याला आम्ही सगळ्या म्हणायचो, ‘ठेवा तिथे’.

मग एक मुलगी आली. लातूरकडची, तुझ्याच वयाची. विषयही बाळाच्या दुधाचाच. तिच्या हातात गठ्ठा नव्हता. दुपारी दोनला आली, सकाळच्या आणि दुपारच्या दोन्ही पाळ्या वॉर्डात असतात त्या वेळी, आणि मला म्हणाली, “सिस्टर, या वॉर्डात तुम्हाला रोज काय खटकतं?” इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझ्या तोंडून पटकन निघालं, “आई आणि बाळ वेगवेगळ्या ट्रॉलीने येतात.”

ती तीन रात्री आमच्याबरोबर राहिली. कशालाही हात लावला नाही, फक्त वही घेऊन बसली. तिने जे पाहिलं ते आम्हाला ठाऊक होतं, पण आम्ही ते कधी सलग पाहिलं नव्हतं. बाळ जन्मलं की पुसून, वजन करून नातेवाइकांच्या हातात. आई रिकव्हरीत. कमरेखाली बधिर, पण शुद्धीत, हात मोकळे, आणि डोळे दाराकडे. रात्री मामा (वॉर्डबॉय) एकच, दोन मजल्यांना मिळून. तो रक्त आणायला गेला की ट्रॉली थांबली. लिफ्ट रात्री एकच चालू. आई वॉर्डात येईपर्यंत बाळ रडून रडून झोपी गेलेलं, आणि आजीने तोवर मध किंवा साखरेचं पाणी दिलेलं. आई खाटेवर आल्यावर आम्ही तिला पाजायला लावायचो तर बाळ उठायचं नाही. आणि कागदावर ‘उशिराचे कारण’ म्हणून काय लिहायचं? ‘आईला दूध नाही.’ अगं, चीक तिच्याजवळ होता. बाळ नव्हतं.

मग तिने तिचा प्रश्नच बदलला. बाळंतिणी उशीर का करतात हे सोडून दिलं आणि त्या तासात बाळ कुठे असतं हे बघायला घेतलं. आम्ही दोघींनी बसून ठरवलं की नवीन फॉर्म नकोच. रोज भरावंच लागतं त्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला: ‘बाळ आईजवळ – वेळ’. बस. सही नाही, कारण नाही. कारणं ती स्वतः दिवसा बाळंतिणींना विचारायची.

घड्याळाची गोष्ट विसरू नकोस. पहिल्याच आठवड्यात एका नोंदीत बाळ वॉर्डात आलं ३.०५ला आणि जन्मलं ३.१०ला. बघितलं तर ओटीचं घड्याळ बारा मिनिटं पुढे. तिने स्वतः सेल आणून दोन्ही घड्याळं लावली आणि दर सोमवारी जुळवायची.

काम संपल्यावर ती परत आली. दुपारी दोनला, चार्टपेपर घेऊन. पाच ओळी मराठीत लिहिलेल्या. मावशी आणि मामासुद्धा ऐकायला थांबले. मामाने तिथेच सांगितलं की रिकव्हरीतच बाळ आईच्या छातीशी द्या, म्हणजे मला दोन फेऱ्या मारायला नकोत. डॉक्टर आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. पुढच्या महिन्यापासून रिकव्हरीत एक स्टूल आणि एक पडदा आला, आणि तिथे एक सिस्टर आईच्या बाजूला बाळ धरून बसायला लागली. ती सिस्टर कुठून काढायची यावर भांडणं झाली, ती झालीच. पण सुरुवात झाली.

शीवच्या रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. ती मला फार मोठी गोष्ट वाटते. पण कुठल्याही दूधपेढीत जाऊन बघ, दूध काढणाऱ्या घाबऱ्या आईशेजारी बसून “होईल, होईल” म्हणणारी बाई कोण असते. तिला विचारल्याशिवाय दुधावरचा अभ्यास करू नये, एवढंच माझं म्हणणं.

पीएचडीवाली_दादर

सिस्टर, हो. सहीची ओळ आहे. मीच टाकली होती, माहिती पक्की राहील म्हणून. तुमचं उत्तर वाचून रात्री झोप लागली नाही.

मला तीन रात्री थांबायचं आहे. पण कुणाला विचारू? अधीक्षकांना विचारलं तर वरून हुकूम गेल्यासारखं होईल, इनचार्ज सिस्टरना विचारलं तर पुन्हा ‘ठेवा तिथे’ असंच काहीतरी.

निवृत्त_इनचार्ज

दोघांनाही विचार, पण क्रम सांभाळ. आधी इनचार्ज सिस्टर, मग मेट्रन, मग अधीक्षकांचं पत्र. पत्र आधी नेलंस तर तू वरची माणूस झालीस. सिस्टरकडे जाशील तेव्हा ७१ फॉर्मचा विषय तू काढू नकोस. फक्त सांग की माझा फॉर्म चुकलाय, तुम्ही दाखवाल का कुठे. आणि तो फॉर्म तिच्यासमोर ठेवून लाल पेन तिच्या हातात दे. महिन्याची ड्यूटी लिस्ट करताना किंवा इंडेंटच्या (वॉर्डाचं सामान मागवायच्या) दिवशी जाऊ नकोस.

उत्तर: सेविका_गोवंडी

मी आरोग्य सेविका आहे, हेल्थ पोस्टला. सिस्टरनी वॉर्डातलं लिहिलं, मी बाहेरचं लिहिते.

ताई, टाके बघून बाईला घरी सोडतात, आणि मग ती आमच्या वस्तीत येते. तुमचा अभ्यास वॉर्डाच्या दाराशी संपतोय का? दवाखान्यात सगळं नीट झालेलं असतं आणि घरी आल्यावर चौथ्या दिवशी पावडरचा डबा दिसतो. विचारलं तर म्हणते, दवाखान्यात पहिल्या दिवशी बाहेरचं दिलं होतं ना, तेच चालू ठेवलं. ही गोष्ट तुमच्या कुठल्या रकान्यात येणार?

आणि आमच्याकडे जे सर्व्हेवाले येतात त्यांच्याबद्दल. यादी आम्ही देतो, घर आम्ही दाखवतो, कुत्रं आम्ही हाकलतो, बाईला दार उघडायला आम्ही सांगतो. ते लिहून घेऊन जातात. पुढच्या वेळी मी पोलिओच्या डोसला गेले की बाई विचारते, “मागे बीपी मोजून नेलं, किती होतं?” मला माहीत नसतं. तिला वाटतं मीच लपवते. गल्लीत विश्वास माझा खर्च होतो. तुम्ही कुणाच्या घरी गेलात, काही मोजलंत, तर तो आकडा निदान त्या बाईला तिथल्या तिथे कागदावर लिहून द्या. काही जास्त निघालं तर तिने कुठे जायचं तेही त्याच कागदावर.

उत्तर: पीएसएम_लेक्चरर

सिस्टरांच्या उत्तरापुढे फार बोलण्यासारखं नाही, पण एका मुद्द्यावर वेगळं मत आहे आणि दोन गोष्टी जोडायच्या आहेत.

वेगळं मत तीन रात्रींबद्दल. तुम्ही वही घेऊन वॉर्डात बसलात की वॉर्ड बदलतो. बाळ लवकर आणलं जातं, पोस्टरकडे जास्त लक्ष जातं. याला आपल्या पुस्तकांत हॉथॉर्न परिणाम म्हणतात, शिकागोजवळच्या एका कारखान्यात १९२०-३०च्या काळात झालेल्या प्रयोगांवरून. त्या तीन रात्रींतून प्रश्न शोधा, पण त्यातल्या वेळा मोजणीत धरू नका. रजिस्टरमधला रकाना सुरू झाल्यावरही पहिले दोन आठवडे सरावाचे समजून बाजूला ठेवा. आणि एकदा बोलून भागणार नाही. रेसिडेंट बदलतात, सिस्टरांच्या बदल्या होतात. ओव्हरच्या वेळी पाच मिनिटं उभं राहून काय चाललंय ते पुन्हा पुन्हा सांगावं लागेल.

पहिली जोड. कर्मचाऱ्यांनी नुसते कागद न भरता हातचं काम केलं तर अभ्यास कुठवर जातो, याचं उदाहरण याच शहरात आहे. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अभ्यास सुरू केला. साधारण दीड लाख बायका, वय ३५ ते ६४. व्हिनेगरमध्ये असतं तेच पातळ ॲसेटिक ॲसिड लावून तपासणी, दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले गेले तेव्हा तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. याच अभ्यासावर गंभीर आक्षेपही घेतला गेला. तुलनेसाठी धरलेल्या दुसऱ्या गटातल्या बायकांना अभ्यास चालू असताना तपासणी न देता फक्त माहिती दिली, हे नैतिकदृष्ट्या बरोबर होतं का? मी विद्यार्थ्यांना दोन्ही गोष्टी एकाच तासाला शिकवतो. ज्यांच्या घरी आपण जातो त्यांना काय मिळणार, हा सेविकाताईंचा प्रश्न तोच आहे.

दुसरं उदाहरण तुमच्या विषयाच्या अगदी जवळचं. कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यापासून लगेच कांगारू पद्धतीने आईच्या छातीशी ठेवण्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच देशांतली पाच रुग्णालयं, त्यात भारतातलं दिल्लीचं सफदरजंग. बाळ स्थिर होईपर्यंत थांबण्याच्या प्रचलित पद्धतीत २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण १५.७ टक्के होतं, लगेच आईजवळ दिलेल्या गटात १२ टक्के. आता विचार करा, हे करायला आईची खाटच नवजात कक्षात आणावी लागली. म्हणजे बाळंतिणीचं पॅड, टाके, बीपी हे सगळं बाळांच्या सिस्टरांच्या शेजारी आलं. कुणाचं काम कुणी करायचं हे दोन विभागांनी बसून ठरवल्याशिवाय असा अभ्यास एक दिवसही चालला नसता.

शेवटी नावांबद्दल. रकाना ठरवण्यात, अर्थ लावण्यात सिस्टरांचा वाटा असेल तर आभारात उरकू नका. वैद्यकीय नियतकालिकं लेखक कुणाला म्हणायचं याचे निकष पाळतात: आखणीत किंवा अर्थ लावण्यात खरा वाटा, मसुद्यात भर, अंतिम मजकुराला संमती आणि जबाबदारी. इनचार्ज सिस्टर ही चारही करू शकतात, त्यांना मसुदा मराठीत समजावून सांगायची तयारी तुम्ही ठेवलीत तर. हे आत्ताच बोलून घ्या. लेख लिहून झाल्यावर नावावरून मनं दुखावतात.

पीएचडीवाली_दादर (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते सांगते.

इनचार्ज सिस्टरकडे दुपारी दोनला गेले. फॉर्म आणि लाल पेन दिलं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बसायला सांगितलं. त्या वॉर्डात मला पहिल्यांदा कुणी बसायला सांगितलं. ३४ पैकी २९ प्रश्न त्यांनी खोडले. सही खोडताना एक शब्दही बोलल्या नाहीत, पण रेघ दोनदा ओढली. मग म्हणाल्या, “तुम्हाला वेळ हवी ना? मग बाळाच्या मनगटावरचा टॅग बघा, त्यावर जन्मवेळ असते. तीच धरा.” मला हे सहा आठवड्यांत सुचलं नव्हतं.

रात्री थांबले. दुसऱ्या रात्री पावणेतीनला एका पहिलटकरणीचं तातडीचं सिझर झालं. मुलगी, दोन किलो आठशे. बाळ बाहेर आलं तेव्हा हातात घ्यायला नातेवाईकच नव्हते. नवरा रक्तपेढीत गेला होता, सासू खाली केसपेपरच्या खिडकीशी. त्यामुळे मावशीने बाळ रिकव्हरीतच आईजवळ नेलं, ‘कुठे ठेवू आता हिला’ असं पुटपुटत. सिस्टरने आईचा गाऊन बाजूला केला, बाळाला आडवं धरलं. आईचा एक हात सलाइनचा, तो हलवता येईना, म्हणून तिने दुसऱ्या हाताची दोन बोटं बाळाच्या पाठीवर टेकवली. बाळ थोडा वेळ नुसतं चाटत राहिलं आणि मग ओढायला लागलं. मी घड्याळ बघितलं. जन्मून ३८ मिनिटं झाली होती. त्या रात्री बाकी तीन सिझर झाली. त्या तिन्ही बाळांना घ्यायला नातेवाईक दारातच उभे होते, आणि सगळ्यात लवकर जे बाळ आईजवळ पोचलं त्याला दोन तास दहा मिनिटं लागली. लेक्चरर सर, या वेळा मोजणीत धरणार नाही. पण ज्या बाळाला घ्यायला कुणी नव्हतं तेच आधी प्यायलं, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

अमेंडमेंट कमिटीकडे दिली आहे. संमती आता मी स्वतः एएनसी ओपीडीत घेणार, आणि तातडीच्या सिझरबद्दल कमिटीला लेखी विचारलं आहे. ११२ फॉर्ममधल्या वेळा वापरणार नाही असं लिहून दिलं, आणि का तेही लिहिलं, कुणावर बोट न ठेवता. गाइडना आवडलं नाही, एक टर्म वाढणार म्हणाले. वाढू दे. सेविकाताई, घरी गेल्यानंतरच्या सातव्या दिवसाचा एक फोन त्यात घातला आहे. तुमच्यासारख्या सेविकांना आधी भेटूनच प्रश्न ठरवेन.

मंजुरी यायच्या आत इनचार्ज सिस्टरनी पट्टी घेऊन रजिस्टरच्या पुढच्या पानांवर रकाना आखूनसुद्धा ठेवला. अजून भरायचा नाही असं मी सांगितलं, तर म्हणाल्या, माहीत आहे, पण आखून ठेवला तर विसरणार नाही.

निवृत्त सिस्टर, एकच अडलंय. टॅगवरची वेळ ओटीच्या घड्याळाची आणि रकान्यातली वेळ वॉर्डाच्या घड्याळाची. वॉर्डाचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे. मी आत्ताच जुळवू की मंजुरी आल्यावर?

निवृत्त_इनचार्ज

आत्ताच जुळव. घड्याळ बरोबर लावायला कुठल्या कमिटीची परवानगी लागत नाही. ओटीतलं तू उतरवू नकोस, तिथल्या सिस्टरला सांग. रिकव्हरीतही एक असेल, भिंतीवर नाहीतर टेबलावर, तेही बघ. आणि जाताना सेल घेऊन जा, पेन्सिल सेल, दोन जास्तीचे.